अण्णांच्या शाळेतले पुढारी

जून महिना उजाडला की शाळाशाळांतून एक छोटेसे राजकारण सुरू होते. वर्गाचा प्रतिनिधी कोण, खेळांचा चिटणीस कोण, स्नेहसंमेलनाची जबाबदारी कोणाकडे, आणि या सर्वांच्या वर शाळेचा मुख्य विद्यार्थी-प्रतिनिधी कोण, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत चालते आणि त्याहून अधिक ती पालकांच्या घरी चालते. अकरावी-बारावीतल्या मुलाच्या छातीवर बिल्ला लागला म्हणजे घरच्या मंडळींना कोण आनंद होतो! आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून तर पणजोबांच्या दरबारी पागोट्याशेजारी त्या बिल्ल्याचाही फोटो लागतो. मी संगीताचा शिक्षक. गाण्याच्या तासाला सगळ्याच वर्गांची मुले येत असल्यामुळे मला सर्वांची पारख असेल, अशा समजुतीने या निवडीच्या वेळी माझेही मत विचारले जाते.

गेल्या वर्षी ते मत देताना माझ्या हातून एक चूक झाली. ती काय, हे शेवटी सांगतो. कारण आधी तिची लाज वाटली आणि मग त्या लाजेपोटी एका थोर पुरुषाचे चरित्र मी पुन्हा वाचायला घेतले. ते चरित्र कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. महाराष्ट्रात त्यांचे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. परंतु आपल्या बडोदेकरांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. भाऊरावांनी 1940 साली सातारला एक हायस्कूल काढले आणि त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव यांचे. ज्या नावाचा आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमान बाळगला, त्या नावाच्या शाळेत मुले शिकत होती आणि शिकण्यासाठी शेत खणत होती, दगड फोडत होती, भाकऱ्या भाजत होती. ते का, हे समजायचे तर भाऊरावांच्या स्वतःच्या शाळकरी वयापाशी जायला हवे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे सरकारी खात्यात कारकून, म्हणजे बिऱ्हाड आज या गावी तर उद्या त्या गावी. मुलाचा पिंड पहिल्यापासून दांडगा. अंगात ताकद भरपूर, पुस्तकात लक्ष बेताचे, आणि अन्याय दिसला की हात आवरायचा नाही. लहानपणी एका विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या माणसांना पाण्यासाठी ताटकळत उभे राहावे लागते, हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत आढळते. घरच्यांनी त्याचे कौतुक केले असेल असे समजण्याचे कारण नाही. शाळेच्या दाखल्यावर असल्या मुलाचे वर्तन काय लिहिले जाते, हे आपण सगळे जाणतो.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि तेथल्या जैन बोर्डिंगात राहू लागले. या बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे पुढे शाहू छत्रपतींचे चरित्रकार म्हणून आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री म्हणून प्रसिद्धीस आले. मोठे विद्वान आणि शिस्तीचे गृहस्थ. बोर्डिंगात सोवळ्याओवळ्याचे नियम असत आणि मुलांनी ते पाळावे अशी अपेक्षा असे. त्या काळच्या कोणत्याही जातवार वसतिगृहात याहून वेगळे काही नसे.

1908 साली शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला विद्यार्थी भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे आणि मग पंक्तीला बसावे, असा नियम होता. भाऊरावांनी आंघोळ करण्याचे नाकारले. माणसांमध्ये बसून आलो, त्यात विटाळ कसला, ही त्यांची भूमिका. परिणाम ठरलेलाच होता. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गातला मुलगा, घरापासून दूर, परगावी. डोक्यावरचे छप्पर गेले, जेवणाचे ताट गेले. मागे कोणतीही संघटना नाही, घोषणा नाहीत, मिरवणूक नाही. वर्गाने त्याला निवडून दिलेले नव्हते आणि छातीवर बिल्लाही नव्हता. तरीही मला वाटते की त्या दिवशी कोल्हापुरातल्या सगळ्या विद्यार्थ्यांत पुढारी म्हणावा असा तोच एक होता. त्याची किंमत त्याने स्वतः भरली. दुसऱ्या कोणाला भरायला लावली नाही.

शाहू महाराजांनी या मुलाला आपल्या आश्रयाला घेतले. महाराजांचा सहवास हाच भाऊरावांचा खरा अभ्यासक्रम ठरला. सर्व जातींची मुले शिकली पाहिजेत आणि त्यांच्यासाठी वसतिगृहे पाहिजेत, हा विचार त्यांनी तेथे जवळून पाहिला. मात्र महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली होती. भाऊरावांच्या मनात पुढे जे आले ते एकाच छपराखाली, एकाच पंक्तीचे.

शालेय शिक्षणात मात्र यश आले नाही. इंग्रजी सहावीपर्यंत मजल गेली आणि तेथेच गाडे अडले. मॅट्रिकचा उंबरठा भाऊरावांनी कधीच ओलांडला नाही. ज्यांनी पुढे शेकडो शाळा काढल्या, त्यांच्याजवळ स्वतःच्या शाळेचा शेवटचा दाखला नव्हता. आमच्यासारख्या शिक्षकांनी ही गोष्ट टाचण करून टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

शाळा सुटल्यावर भाऊराव सातारला येऊन खाजगी शिकवण्या करू लागले. नापास झालेला विद्यार्थी शिकवणीत उत्तम निघाला. कोठे अडते हे त्याला पक्के ठाऊक होते ना! याच सुमारास, 1909 मध्ये, कुंभोजच्या पाटील घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. माहेर सुखवस्तू; अंगावर सोने भरपूर घेऊन त्या सासरी आल्या. त्या सोन्याचे पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

1914 साली कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले. इंग्रज राजघराण्यातील पुतळ्याला कोणी डांबर फासले आणि संशयाचे जाळे लठ्ठ्यांवर पडले. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. तो इतका की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु खोटी साक्ष दिली नाही. आता हेही ध्यानात घ्यावे की ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची होती, ते लठ्ठे म्हणजे जुन्या बोर्डिंगचे तेच शिस्तप्रिय प्रमुख. मनात जुना राग ठेवायचा तर सूड उगवण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी ती पायाने लोटली. विद्यार्थिदशेत नियम मोडणारा हा माणूस सत्याचा नियम मात्र मोडायला तयार नव्हता.

त्यानंतरची काही वर्षे पोटापाण्याची. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर, अशा वस्तूंच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावेच लागते. तेथे त्यांनी पाहिले की नांगर नवा आला तरी घर जुनेच आहे, कारण घरात अक्षर नाही. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठतो आणि जमीन जाते. मुलाला शिकवायचे म्हटले तर गावात शाळा नाही. शहरात शाळा आहे तर राहायला जागा नाही. जागा मिळाली तर जात आडवी येते. फिरतीच्या धंद्यातून मिळालेले हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते.

सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात, 4 ऑक्टोबर 1919 रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे प्रजा, कुणबी, राबणारा माणूस. संस्थेच्या नावातच तिचा मालक कोण ते सांगितलेले आहे. 1924 मध्ये संस्था सातारला आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. प्रारंभी मुले थोडी, पैसा त्याहून थोडा. पुढे धनिणीच्या बागेत बिऱ्हाड गेले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. ज्या राजाने बोर्डिंगाबाहेर पडलेल्या मुलाला आसरा दिला, त्याच्या नावाचे बोर्डिंग त्या मुलाने उभारले.

आता या बोर्डिंगातल्या दिनक्रमाकडे वळू. माझ्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

तेथे आचारी नव्हता, पाणक्या नव्हता, झाडूवाला नव्हता. मुलेच पाणी आणीत, मुलेच जात्यावर बसत, मुलेच भाकऱ्या थापीत आणि मुलेच भांडी घाशीत. मराठ्याचा मुलगा, महाराचा मुलगा, मुसलमानाचा, जैनाचा, रामोशाचा, सगळे आळीपाळीने चुलीपाशी. ज्याची पाळी त्याच्या हातचे सर्वांनी खायचे. सहभोजनाचे समारंभ त्या काळी पुष्कळ होत आणि त्यांची छायाचित्रेही निघत. बोर्डिंगात रोज दोन वेळा सहभोजन होई आणि त्याला कोणी समारंभ म्हणत नसे. धान्य कमी पडले की खेड्यापाड्यांतून मूठमूठ गोळा करून आणायचे. ज्या गावचे धान्य, त्या गावचे मूल.

या कारभाराचा भार वरच्या वर्गातील मुलांवर असे. कोठीत किती शेर ज्वारी शिल्लक आहे, आज पंक्तीला किती पाने आहेत, कोण आजारी आहे, नव्याने आलेले कोणते पोर रात्री आईच्या आठवणीने रडते आहे, हे मोठ्या मुलांनी पाहायचे. चूक झाली तर जाब त्यांनाच. अण्णांचा स्वभाव कडक, प्रसंगी तापटही. शिस्तीच्या बाबतीत ते कोणाची गय करीत नसत. पण काम सोपवले की ते खरोखरच सोपवीत. मुले त्यांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. प्रमुख, अधीक्षक, व्यवस्थापक असले शब्द त्या चुलीजवळ शोभलेही नसते.

वहिनींची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. सोवळ्यात वाढलेली ही बाई. नवऱ्याने घरात नाना जातींची मुले आणून ठेवली तेव्हा तिच्या मनाची काय ओढाताण झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. परंतु एकदा पदर खोचल्यावर तिने मागे पाहिले नाही. बोर्डिंग चालवण्यासाठी माहेरचे सोने एकेक करून गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही, भाऊराव गावी नव्हते, आणि भुकेली मुले समोर. वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र उतरवून दिले आणि धान्य आणवले. 1930 साली त्या गेल्या. ज्या मुलांसाठी त्यांनी हे केले, त्यांतील बहुतेकांच्या जातीची सावलीही त्यांच्या बालपणीच्या घरात चालली नसती.

1932 मध्ये, पुणे करारानंतर, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. 1935 मध्ये सातारला शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले. कारण मुले शाळेत यायला तयार झाली तरी खेड्यात जाऊन राहील असा मास्तर कोठून आणायचा, हा प्रश्न होता. अण्णांनी खेड्यातलाच मुलगा घेतला, त्याला मास्तर केले आणि परत खेड्यात पाठवले. गावोगाव व्हॉलंटरी शाळा निघाल्या. कोठे देवळात, कोठे धर्मशाळेत, कोठे झाडाखाली.

आणि मग 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल. फी नाही, राहण्याजेवण्याची सोय, आणि त्याच्या बदल्यात काम. कमवा आणि शिका ही योजना आज विद्यापीठांच्या पुस्तिकांतून छापलेली आढळते. तिचा एक मोठा उगम सातारच्या या शाळेत आहे. खडकाळ जमीन मुलांनी फोडली, माती भरली, त्यात पीक काढले. सकाळी ज्या हातात पहार, दुपारी त्याच हातात बीजगणिताची वही. संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे. त्याची पारंबी जमिनीत गेली की स्वतः खोड होते. मुलांच्या बाबतीत अण्णांना तेच अपेक्षित होते.

सयाजीराव महाराजांचे नाव या शाळेला देणे हे वरवरचे नव्हते. आमच्या महाराजांचे बालपण नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरी गेले होते. 1875 साली, बाराव्या वर्षी, ते दत्तक होऊन बडोद्यास आले आणि तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. उशिरा आलेल्या अक्षराची किंमत ते कधी विसरले नाहीत. 1893 मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध राज्यात लागू केला. 6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराज निवर्तले. पुढल्याच वर्षी सातारची शाळा उघडली. आपण बडोदेकरांनी महाराजांचे पुतळे, वाडे, बागा जपल्या. खेड्यातून आलेल्या त्या मुलाची आठवण मात्र अण्णांनी सातारच्या खडकावर जपली, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

या वसतिगृहांतून काय माणसे निघाली? एक उदाहरण देतो. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे गरिबीतून आलेले, अण्णांच्या छायेत वाढलेले. विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन रयतच्याच कामात पडले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1942 नंतर सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्यातही अण्णांच्या वसतिगृहांत वाढलेले तरुण होते. कोठीचा हिशेब ठेवायला शिकलेल्या मुलाला गावचा कारभार परका वाटत नाही.

1947 मध्ये सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 1948 च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली आणि अण्णांनी त्यांच्या नावे 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. एखादा खचला असता. अण्णा पुन्हा गावोगाव हिंडले. गाडगे महाराजांसारखा संत त्यांच्यासाठी कीर्तनातून लोकांना हाक देत फिरला. अनुदान पुढे परत सुरू झाले, पण तोवर रयतेने आपली संस्था आपल्या हाताने तगवली होती. अनवाणी पाय, खादीचा जाडाभरडा वेष, पांढरी शुभ्र दाढी अशी ती मूर्ती सगळ्या दक्षिण महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. 1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डॉक्टर म्हणण्याचा मान विद्यापीठाला मिळाला. त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णांचे देहावसान झाले. तोवर संस्थेची हायस्कुलेच शंभराच्या वर गेली होती. त्यांची समाधी सातारला आहे.

हे सर्व वाचताना मला माझ्या वडिलांची वारंवार आठवण होत होती. ते राजवाड्यावर गाणारे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी शिष्य राहत. गुरूच्या घरी राहून पाणी भरायचे, केर काढायचा, तंबोरा पुसायचा, तो जुळवायचा, आणि हे सारे काही वर्षे केल्यावर मग कोठे समोर बसून गळा उघडायचा, अशी ती रीत. लहानपणी मला तिचा अभिमान वाटे. अण्णांचे चरित्र वाचल्यावर दोहोंतला फरक लक्षात आला. आमच्या घरच्या शिष्याचे कष्ट गुरूसाठी होते. अण्णांच्या घरच्या मुलाचे कष्ट शेजारच्या मुलासाठी होते. दोन्हींतून विद्या मिळे हे खरे. पण पहिल्यातून उत्तम शिष्य तयार होतो. नागरिक तयार व्हायला दुसरे लागते. वडिलांविषयीच्या आदरात तिळमात्र उणे न करता मी हे लिहितो आहे.

आता माझी चूक. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या चिटणीसपदासाठी दोन नावे पुढे होती. एक मुलगा चांगल्या जुन्या घराण्यातला, स्वच्छ बोलणारा, सभेत शोभणारा. त्याच्या आजोबांचे आणि माझ्या वडिलांचे येणेजाणे होते. दुसरा बारावीतला, साधारण परिस्थितीतला, वर्गात मागे बसणारा, गळा बेताचा. मी पहिल्याचे नाव सुचवले आणि ते मान्य झाले. मनाशी मी म्हटले की व्यासपीठावर उभे राहायचे तर असाच मुलगा हवा.

संमेलनाच्या दिवशी बिल्लेवाला मुलगा पाहुण्यांच्या स्वागतात होता. त्यात त्याची काही चूक नव्हती, आम्ही त्याला तेवढेच शिकवले होते. सतरंज्या कोणी अंथरल्या, साथीदारांना चहा कोणी दिला, तंबोऱ्याची तार तुटली तेव्हा कपाटातून नवी तार शोधून कोणी आणली, हे मी पाहत होतो. प्रत्येक वेळी तो मागच्या बाकावरचा मुलगा. कार्यक्रम लांबला, रात्रीचे साडेदहा झाले. पाचवी-सहावीची आठदहा पोरे वेष उतरवून पालकांची वाट पाहत पडवीत पेंगत होती. तो मुलगा त्यांच्याजवळ बसून होता. शेवटचे पोर घरी जाईपर्यंत उठला नाही. मग सतरंज्या गुंडाळायला गेला.

दुसऱ्या दिवशी आभाराचे कागद मीच लिहिले. त्यात चिटणिसाचे नाव पहिले होते. या मुलाचे नाव नव्हते. विसरलो असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे अशा कामाला नाव असते हेच माझ्या डोक्यात आले नाही. त्याने तक्रार केली नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि तो शाळा सोडून गेला. आता त्याला शोधून एखादे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे माझ्या मनाचे समाधान. त्याचे त्यात काय?

तेव्हा या जूनमध्ये मी एवढेच केले. निवडीच्या बैठकीत चिटणिसाचे नाव सुचवण्याचे मी नाकारले. त्याऐवजी संगीताच्या खोलीची व्यवस्था अकरावी-बारावीच्या सर्व मुलांकडे महिन्यामहिन्याच्या पाळीने द्यावी, असे सुचवले. खोली झाडणे, वाद्ये पुसणे, तारांचा आणि शाईचा हिशेब ठेवणे, लहान वर्गांची मुले आली की त्यांना बसवणे आणि सुटल्यावर शेवटचे मूल गेले की नाही हे पाहणे. ज्याची पाळी, किल्ली त्याच्याकडे. घराणे कोणतेही असो. एकदोन पालकांनी निरोप पाठवला की बारावीचे वर्ष आहे, मुलांना केर काढायला लावू नये. त्यांची काळजी मला कळते. माझ्याही घरी मुले आहेत. मी त्यांना उलट निरोप पाठवला नाही, पाळीही बदलली नाही.

पहिल्याच आठवड्यात एका हार्मोनियमचा भाता फाटला. पूर्वी मी ते कपाटाला कुलूप लावून मिटवले असते. या वेळी ज्याची पाळी होती तो मुलगा ती पेटी सायकलच्या मागे बांधून रावपुऱ्यातल्या कारागिराकडे घेऊन गेला, भाव विचारून आला, आणि वहीत रक्कम लिहून वही माझ्यासमोर ठेवली. बेरीज एका रुपयाने चुकली होती. ती मी दुरुस्त केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच केली. किल्ली अजून त्याच्याकडे आहे. महिनाअखेर ती पुढल्या मुलाकडे जाईल.